जुन्या डायनिंग खुर्च्यांना रंग आणि नवं कापड: चार खुर्च्यांचं काम, पायरीपायरीने

डायनिंग टेबलाच्या खुर्च्या जुनाट दिसायला लागल्या की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो भंगारवाल्याला देऊन टाका, दुसरा म्हणतो वरून एक रंगाचा हात मारा. वरून मारलेला हात सहा महिन्यांत पाठीच्या वरच्या पट्टीला आणि पायांच्या तळाशी पोपडे धरतो, आणि मग रंगाच्या कंपनीचा उद्धार होतो. बहुतेक वेळा रंगाचा काही दोष नसतो. त्याच्याखाली राहून गेलेलं खोबरेल तेल, मेणाचं पॉलिश किंवा हलता सांधा रंगाला धरू देत नाही. म्हणून या लेखात रंग आणि कापडापेक्षा त्यांच्या खालच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण धरलं आहे ते घरोघरी दिसणाऱ्या खुर्चीचं: लाकडी सांगाडा आणि खालून चार स्क्रूंनी बसवलेली सुटी सीट, म्हणजे प्लायवर फोम आणि त्यावर कापड. तीच रीत स्टूल, ड्रेसिंग टेबलापुढची बैठक किंवा लाकडी हातांचा सेटी यांनाही लागू पडते. चार खुर्च्यांना दोन शनिवार-रविवार आणि मधला आठवडा धरावा, शिवाय शेवटच्या हातानंतर सीट बसवण्याआधी सात दिवस थांबावं लागतं. हाताला काम थोडं असतं, वाळायला वेळ जास्त जातो.

आधी ठरवा: रंगवायचं का?

काही लाकडाला रंग लावणं म्हणजे नुकसान. शिसवी खुर्ची, कोरीवकाम असलेली गोव्याकडची जुनी वेताची खुर्ची, एकसंध सागाचे रुंद फळे वापरलेलं काम यांना फक्त साफसफाई आणि पॉलिश करावं. कोरीवकामाच्या खाचांत गेलेला ऑइल पेंट पुन्हा काढणं जवळजवळ अशक्य असतं. खुर्ची उलटी करून सीटखालच्या पट्टीवर ब्लेडने जरा खरवडून बघा. आत काळपट-जांभळट, जड, घट्ट लाकूड दिसलं तर शिसव समजा आणि रंगाचा डबा बाजूला ठेवा. रंग शोभतो तो मिश्र लाकडाच्या, रबरवुडच्या, ठिगळं मारलेल्या किंवा गडद पॉलिश फासून रंग जुळवलेल्या खुर्च्यांना. या वर्गातल्या खुर्च्या घरांत भरपूर असतात.

दुसरी तपासणी किडीची. खुर्चीखाली पिठासारखी बारीक भुकटी सांडत असेल आणि पायांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील, तर लाकूड आतून पोखरलं जातंय. भोकांत टर्मिनेटरसारखं लाकडाचं कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने भरा, भोकं बुजवा आणि महिनाभर खाली काळा कागद अंथरून ठेवा. नवी भुकटी पडली नाही तरच पुढे जा. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पायात सहज रुतला तर ती खुर्ची सोडून द्या.

तिसरी गोष्ट लहान मुलं असलेल्या घरांसाठी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या खुर्च्या, पाळणे, पाट यांच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, राड फडक्याने टिपून त्या फडक्यासकट पिशवीत बांधून टाका. झाडूने झाडू नका आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. मास्क तर प्रत्येक घासकामाला हवाच.

दिवस कोणते निवडायचे

मुंबई-कोकण पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. दमट हवेत ऑइल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो. लॅकर किंवा फ्रेंच पॉलिशवर पांढरट धुरकट थर येतो, कारण स्पिरिट आणि थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. उन्हाळाही चालतो, पण गच्चीवर भर उन्हात रंगवू नका: वरची साय आधी वाळते, आतला द्रव अडकतो आणि फोड येतात. सावलीतली, वारा खेळता पण धूळ न उडणारी जागा हवी. सकाळी नऊच्या सुमारास सुरू केलेला हात संध्याकाळच्या चिलटांपर्यंत धरलेला असतो, हा फायदा वेगळा.

सामान

चार खुर्च्यांना एवढं पुरतं:

- पॉलिश पेपर: १२० नंबरचे ४, १८० चे ४, ३२० चे ४
- धुण्याचा सोडा, टर्पेंटाईन १ लिटर, स्पिरिट अर्धा लिटर
- चपडा (लाखेपासून बनवलेला) ६० ग्रॅम
- वुड प्रायमर अर्धा लिटर, इनॅमल १ लिटर
- दीड इंची आणि एक इंची ब्रश
- फेविकॉल, सुतळी, लाकडाची लांबी (भेगा-भोकं भरायची पुटी)
- फोम, मांजरपाट, वॅडिंगची पातळ गादी, कापड
- हाताची स्टेपल गन आणि ८ मिलिमीटरच्या पिना

रंगाचा हिशोब असा. हात नसलेल्या खुर्चीचं रंगवायचं क्षेत्र साधारण एक चौरस मीटर धरा. चार खुर्च्या, दोन हात, म्हणजे ८ चौरस मीटर. एक लिटर इनॅमल एका हाताला १० चौरस मीटरच्या आसपास जातो. थोडा उरतो, तो काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, पुढे टवका उडाला तर कामाला येतो. अर्धवट भरलेल्या डब्यात वर साय धरते.

ऑइल पेंट घ्यायचा की पाण्यात मिसळणारा इनॅमल? गडद रंग असेल तर ऑइल पेंट: स्वस्त, घट्ट, ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात. पांढरा किंवा फिकट मोतिया हवा असेल तर पाण्याचा इनॅमल घ्या. पांढरा ऑइल पेंट काही महिन्यांत पिवळा पडतो, आणि उजेडापेक्षा अंधारात जास्त पडतो. टेबलाखाली सरकवलेली सीटखालची पट्टी पिवळी आणि उजेडातली पाठ पांढरी, अशी दुरंगी खुर्ची त्यातूनच होते. भिंतीचा उरलेला इमल्शन मात्र खुर्चीला लावू नका. तो मऊ राहतो, घामाने चिकट होतो आणि मळ धरतो.

पहिली पायरी: सीट काढणे

खुर्ची उलटी करून चारही स्क्रू काढा. खाचेत जुनं पॉलिश भरलेलं असतं. ते आधी टोकदार खिळ्याने कोरून काढा, नाहीतर स्क्रूड्रायव्हर निसटून डोकं झिजतं. अडलेला स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग सोडवा.

प्रत्येक सीटच्या प्लायखाली आणि तिच्या खुर्चीच्या आतल्या बाजूला मार्करने तोच आकडा घाला, १-१, २-२. हाताने बनवलेल्या खुर्च्यांत चारही सीट एकसारख्या दिसल्या तरी दोन-तीन मिलिमीटर फरक असतो. तिसऱ्या खुर्चीची सीट पहिलीवर बसत नाही, आणि हे शेवटी कळलं तर सगळं कापड पुन्हा उपटावं लागतं.

दुसरी पायरी: वर काय लावलंय ते ओळखा

सीटखाली लपणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. लाकूड चिकट झालं आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला तर फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर तेच एनसी थिनरने (लॅकर पातळ करायचा थिनर) करा. थर मऊ पडला तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) हे कडक रासायनिक पॉलिश समजायचं.

यातल्या कुठल्याही थराला लाकडापर्यंत सोलायची गरज नाही. थर घट्ट असेल तर त्याची चकाकी मारली की पुरे. फक्त जिथे थर पापुद्र्यांनी उठतोय तिथे तो पूर्ण काढायचा. मेलामाइन काचेसारखं गुळगुळीत असतं, त्यावर १८० चा पेपर सगळीकडे फिरलाच पाहिजे. एखादी चकाकती पट्टी राहिली की पुढे नखाने रंग सोलला जातो.

तिसरी पायरी: तेल काढा, आणि घासण्याआधी काढा

ही पायरी टाळली जाते आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच निघतात. पाठीच्या वरच्या पट्टीला वर्षानुवर्षं डोक्याचं खोबरेल लागलेलं असतं. हाताच्या टोकांना घाम आणि जेवणातलं तूप. कुणीतरी कधी चकाकीसाठी सिलिकॉनचा फवारा मारलेला असतो. अशा जागी रंग लावताक्षणी पसरायच्या ऐवजी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वरून दुसरा हात मारला तरी खड्डा खड्ड्याच्याच जागी राहतो.

आधी घासलं तर हेच तेल पेपरने लाकडाच्या रंध्रांत आणखी चोळलं जातं. म्हणून क्रम असा: पहिल्यांदा टर्पेंटाईनने ओल्या केलेल्या फडक्याने पुसणे, फडक्याची घडी बदलत बदलत, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, पिळलेल्या फडक्याने धुणे. मग साध्या पाण्याने दोनदा. सोड्याने साग थोडा काळवंडतो. वर रंग येणार असल्यामुळे फरक पडत नाही, पण पॉलिश करायचं असेल तर सोडा वापरू नका. शेवटी चोवीस तास वाळवा. धुतलेल्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा गोळा न होता पसरला तर तेल गेलं.

चौथी पायरी: सांधे

खुर्चीचा मागचा पाय धरून तिरपं हलवा. कुरकुरली तर सांधा सुटलाय. हलत्या सांध्यावरचा रंग पहिल्याच आठवड्यात केसासारखा तडकतो. इथे खिळा ठोकायचा मोह आवरा. खिळा लाकूड फाडतो, आणि पुढच्या दुरुस्तीत सांधा उघडताच येत नाही.

सांधा पूर्ण सोडवा: लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलके ठोके द्या. सोडवताना प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टीने आकडा लावा. आत जुना सरस असेल तर तो कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. जुना फेविकॉल पटाशीने खरवडावा लागतो. नवा फेविकॉल लाकडात शिरून धरतो. जुन्या वाळलेल्या थरावर त्याला शिरायला जागाच नसते, त्यामुळे कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा. टोक खाचेत सैल झालं असेल तर सुती कापडाची पट्टी फेविकॉलमध्ये बुडवून टोकावर गुंडाळा आणि मग बसवा.

आता आवळायचं. क्लॅम्प नसेल तर सुतळी. चारही पायांभोवती, आडव्या पट्ट्यांच्या उंचीवर, सुतळीचे दोन वेढे घ्या. मध्ये पेन्सिलएवढी काडी घालून पीळ द्या आणि काडी पट्टीला अडकवून ठेवा. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, म्हणजे सुतळी रुतणार नाही. मग टेपने सीटच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सीट मागे निमुळती असली तरी दोन्ही कर्ण सारखेच यायला हवेत. एक ४ मिलिमीटर जास्त असेल तर त्या कोपऱ्यांना दाबून चौकट सरळ करा. सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का पाहा. बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच पुसून घ्या, तो वाळला तर वरच्या रंगात डाग उठून दिसतो. चोवीस तास कुणी बसायचं नाही.

सीटच्या स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन आगकाड्या आत सारा, वाळल्यावर बाहेरचं टोक कापा.

पाचवी पायरी: घासणे, लांबी, चपडा

पापुद्रे असतील तिथे १२०, बाकी सगळीकडे १८०. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. गोल नक्षीच्या पायांना पेपरची पट्टी कापून, बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी ओढा. धारा घासून गोल करू नका, फक्त त्यांचा तीक्ष्णपणा मारा. रंग तीक्ष्ण धारेवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ राहतो, म्हणून टवके नेहमी धारेलाच उडतात.

खिळ्यांची भोकं, भेगा आणि चरे लांबीने भरा. लांबी वाळून आक्रसते, तेव्हा जरा फुगीर भरा आणि दुसऱ्या दिवशी १८० ने सपाट करा. खोल भोक एकदम भरलं तर आत ओलं राहतं, दोनदा भरा. बारीक लाकडी भुसा आणि फेविकॉल यांचा लगदाही चालतो, मोठ्या खड्ड्याला तोच जास्त घट्ट बसतो.

सागाला आणखी एक काम लागतं. सागाच्या अंगातलं तेल आणि तपकिरी रंग वर झिरपतो. फिकट रंगाखाली, विशेषतः पाण्याच्या इनॅमलखाली, दोन महिन्यांनी चहाच्या डागासारखे धब्बे येतात. उपाय चपड्याचा. ६० ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा. लोखंडी डबा वापरू नका, त्यात चपडा काळा पडतो. सकाळी बरणी न हलवता बघा: तळाशी ढगाळ थर बसलेला असतो, ते चपड्यातलं मेण. वरचा पारदर्शक भाग अलगद ओतून घ्या आणि तोच वापरा, कारण मेणावर पाण्याचा रंग धरत नाही. एक पातळ हात ब्रशने किंवा कापडाच्या पुडीने भराभर मारायचा, एकाच जागी परत फिरवायचा नाही. तासाभरात वाळतो. स्पिरिट पेटतं, तेव्हा गॅस आणि देव्हाऱ्यातलं निरांजन यांच्यापासून लांब.

सहावी पायरी: अस्तर आणि रंग

अस्तर म्हणून वुड प्रायमरचा एक हात. वर ऑइल पेंट येणार असेल तर प्रायमर तेलाचा, पाण्याचा इनॅमल असेल तर त्याच जातीचा. प्रायमर वाळल्यावर लाकडाचा उठलेला रवा हाताला खरखरीत लागतो. ३२० ने हलकं घासून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आता खरे दोष दिसतात, कारण एकसारख्या पांढऱ्या अंगावर आधी न दिसलेली भेग उठून येते. पुन्हा लांबी भरायची असेल तर हीच वेळ.

रंगाचा डबा हलवण्यापेक्षा काठीने तळापासून ढवळा, हलवल्याने बुडबुडे होतात. ऑइल पेंट घट्ट वाटला तर टर्पेंटाईन घाला, पण लिटरला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. एनसी थिनर त्यात कधीच नाही. रंग नासलेल्या दुधासारखा फाटतो. डब्यातून थेट न वापरता वाटीत थोडा थोडा घ्या. नवा ब्रश असेल तर तळहातावर आपटून सुटे केस आधी झाडा, नाहीतर ते खुर्चीवर चिकटतात आणि काढताना ओरखडा उठतो.

खुर्ची आधी टेबलावर उलटी ठेवा. पायांच्या आतल्या बाजू, आडव्या पट्ट्या, मग पायांच्या बाहेरच्या बाजू. सरळ करून पाठ आणि हात शेवटी. प्रत्येक पायाच्या तळाशी एक खिळा अर्धवट ठोकून ठेवलात तर सरळ उभी केल्यावरही पाय वर्तमानपत्राला चिकटत नाहीत. ब्रशचा एक-तृतीयांश भागच रंगात बुडवा. लांब पट्टीवर आधी आडवा रंग पसरा आणि शेवटचा हलका फटका टोकापासून टोकापर्यंत एका दिशेने द्या. सांध्यांच्या कोपऱ्यांत रंग साचतो आणि पाच मिनिटांनी तिथून ओघळ सुटतो. पूर्ण खुर्ची झाली की एकदा फक्त कोपरे बघत फिरा आणि कोरड्या ब्रशने साचलेला रंग उचला.

दोन पातळ हात, जाड एक हात नव्हे. ऑइल पेंटच्या दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या आणि ३२० ने चकाकी मारा. घाईने दुसरा हात दिला तर खालचा अर्धवट थर फुगतो आणि वाळलेल्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुती पडली तर वरून रंग मारून काही होत नाही. चार दिवस वाळू द्या, सपाट घासा, पुन्हा तिथून सुरू करा.

ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन गटारात ओतू नका. बरणीत दोन दिवस ठेवलं की रंग तळाला बसतो आणि वरचं टर्पेंटाईन पुढच्या वेळी वापरता येतं. तेलाच्या रंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारं तेल उष्णता सोडतं आणि चेंडूसारख्या दाबलेल्या फडक्याच्या आत ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग फेका.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण घट्ट व्हायला आठवडा लागतो. या आठवड्यात सीटचं काम उरका.

सातवी पायरी: जुनं कापड उपटणे आणि फोम

जुन्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून पकडीने ओढा. खाली बहुधा आणखी एखादं कापड निघतं; मागच्या दुरुस्तीत कुणी काढायचे कष्ट घेतलेले नसतात. सगळं काढा. सर्वांत आतलं कापड सांभाळून काढा आणि इस्त्री करा, तोच तुमचा नमुना.

प्लाय थरांत सुटला असेल किंवा मध्ये खोलगट झाला असेल तर १२ मिलिमीटरचा नवा प्लाय त्याच आकाराचा कापून घ्या. त्याला १२ मिलिमीटरची चार भोकं पाडा. भोकं नसली तर बसताना फोममधली हवा कापडाच्या शिवणीतून निघते आणि उशीसारखा फुस्स आवाज येतो. रेक्झिनला तर फारच.

फोम ४० डेन्सिटीचा, दोन इंची. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटरला किती किलो माल आहे तो आकडा. कमी डेन्सिटीचा फोमही दुकानात कडक लागू शकतो, पण रोजच्या बसण्याने वर्षा-दोन वर्षांत चपटा होतो. सोफा वाटावा म्हणून चार इंची फोम घालू नका. टेबल साधारण ३० इंच उंच आणि सीट १८ इंच असते. सीट दोन इंच वर गेली की मांड्या टेबलाच्या पट्टीला लागतात आणि ताट खाली गेल्यासारखं वाटतं.

फोम प्लायपेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापा. पावाची लांब दातेरी सुरी चांगली चालते, कटर पुढे-मागे ओढताना फोम फाटतो. वरची धार ४५ अंशांत थोडी तासली तर सीटची कड ठोकळ्यासारखी न दिसता उतरती होते. प्लायवर फोमला फेविकॉल एसआरचे (रबरी फेविकॉल) चार-पाच ठिपके पुरतात, फक्त सरकू नये म्हणून.

आठवी पायरी: कापड किती, कोणतं

समजा सीट १७ इंच रुंद आणि १६ इंच खोल आहे. फोम २ इंच, प्लाय अर्धा इंच, खाली दुमडायला दीड इंच: एका बाजूला ४, दोन्ही बाजूंना ८. म्हणजे २५ गुणिले २४ इंचांचा तुकडा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, त्यात असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात. चार सीटना दोन ओळी, ४८ इंच. दीड मीटर घ्या. सहा सीटना ७२ इंच, म्हणजे दोन मीटर. मोठी नक्षी असेल आणि फूल प्रत्येक सीटच्या मधोमध हवं असेल तर नक्षी कितीने पुन्हा येते ते मोजून प्रत्येक ओळीला तेवढं वाढवा. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर चार खुर्च्या दोन छटांच्या दिसतात.

जेवणाच्या खुर्चीला साधं पडद्याचं कापड टिकत नाही. दुकानात रब काउंट विचारा, म्हणजे कापड किती वेळा घासलं तरी टिकतं तो आकडा. घरच्या वापराला १५,००० च्या वरचं घ्या. वरण सांडणाऱ्या घरात गडद, दाट विणीचं, पॉलिस्टर मिश्रण बरं. रेक्झिन हवं असेल तर पीव्हीसीचं. पीयूचं हाताला मऊ लागतं पण दमट हवेत काही वर्षांत त्याचा पापुद्रा सुटतो आणि काळे कण कपड्यांना लागतात.

खण, इरकल किंवा जुन्या लुगड्याचं कापड वापरायची हौस असते, आणि दिसतंही छान. पण खण पातळ असतो आणि पन्हा कमी, तेव्हा तुकडा बसतो का ते आधी मोजा. त्याला मागून मांजरपाट जोडल्याशिवाय ताणू नका, पिनांपाशी विरतो. जुनी पैठणी सीटला लावू नका: जरीच्या ओळींत रेशीम आधीच कमकुवत झालेलं असतं आणि बसल्याबरोबर उभं फाटतं. ती हौस पाठीच्या मागच्या बाजूला भागवा, तिथे ताण येत नाही. सोलापुरी चादर मात्र सीटला दणकट चालते, फक्त कापल्यावर कडा लगेच झिगझॅग शिवून घ्या. सुती कापड कुठलंही असो, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. आधी आटलं नाही तर पहिल्यांदा ओल्या फडक्याने पुसताना आटतं आणि पिना उपटतं.

नववी पायरी: पिना मारणे

आधी वॅडिंग, मग मांजरपाट ताणून काही पिनांवर बसवा. वरचं कापड फोमवर घासून झिजतं, मांजरपाट मध्ये आलं की ते थांबतं. पुढे कधी कापड बदलायचं झालं तर फोम उघडा पडत नाही, हाही फायदा.

वरचं कापड उलटं पसरा, त्यावर सीट पालथी ठेवा. कापडाचा सरळ धागा सीटच्या पुढच्या कडेला समांतर हवा. मागच्या कडेच्या मधोमध एक पिन. समोर ओढून पुढच्या कडेच्या मधोमध एक. मग डाव्या आणि उजव्या बाजूला मधोमध एकेक. सीट उलटून बघा, धागा सरळ आहे का. इथे चुकलं तर चार पिना काढाव्या लागतात, शेवटी कळलं तर साठ.

आता मधल्या पिनेपासून कोपऱ्याकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, दीड इंचावर एकेक पिन मारत जा. कोपऱ्याच्या दोन इंच आधी थांबा. बोटांनी ओढा, पकडीने नको. जास्त ताणलं की प्रत्येक पिनेसमोर कापडात खळी पडते आणि कड झालरीसारखी लहरते. खळी दिसली तर ती पिन काढून तिथे थोडं सैल सोडा. कमी ताणलं तर महिन्याने मध्ये सुरकुत्या जमतात. तळहात दाबून सरकवल्यावर कापड फोमसोबत हलावं, फोमवरून घसरू नये, हे माप.

कोपरा असा: कापडाचं टोक तिरपं, सीटच्या केंद्राकडे ओढून एक पिन. दोन्ही बाजूंना उरलेली कापडं घडी घालून एकमेकींकडे आणा, घडीची कड कोपऱ्याच्या अगदी धारेवर यावी. आत जाडी जमत असेल तर घडीच्या पोटातलं जादा कापड कात्रीने कापा, धारेपासून अर्धा इंच सोडून. चारही कोपऱ्यांच्या घड्या एकाच दिशेला तोंड करून आल्या की काम सुबक दिसतं.

हाताची गन कडक प्लायमध्ये पीन पूर्ण बुडवत नाही. गन दुसऱ्या हाताने वरून दाबून मारा, आणि अर्धवट राहिलेली पीन हातोडीने बसवा. उठलेल्या पिना सीट बसवताना नव्या रंगाला ओरखडतात.

सीट चौकटीच्या आत बसणारी असेल तर एक धोका आहे. जुन्यापेक्षा जाड कापड, त्यात मांजरपाट, आणि चौकटीवर रंगाचे दोन हात: सगळं मिळून दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर वाढतात. सीट ठोकून बसवली तर चौकटीचा नुकताच जोडलेला सांधा उघडतो. कापड लावण्याआधीच त्याच्या दुहेरी घडीसकट सीट चौकटीत ठेवून पाहा. अडकत असेल तर प्लायच्या कडा रंध्याने किंवा ८० च्या पेपरने कमी करा.

खालून काळं नॉन-वोव्हन कापड दुमडून पिना मारा, म्हणजे कडा झाकल्या जातात. त्याला स्क्रूच्या जागी आधीच भोक पाडा, नाहीतर स्क्रू कापडाचे धागे गुंडाळत फिरतो.

सनमायका आणि लोखंड असेल तर

टेबलाचा वरचा भाग सनमायकाचा असेल तर शक्यतो रंगवू नका. ताटं सरकवून तो लवकर खरवडला जातो. बाजूच्या पट्ट्या रंगवता येतात, २२० ने सगळी चकाकी मारून आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर लावून. उचकटलेली कड फेविकॉल एसआरने बसते: दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. ओला असताना दाबला तर पुन्हा उठतो.

लोखंडी पायांच्या खुर्चीचा गंज एमरी पेपरने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (लोखंडाचा गंजरोधक प्रायमर) लावा. समुद्राजवळच्या गावांत उघडं लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होतं, आणि त्या तांबूसपणावर मारलेला रंग आतून उठतो.

बसवणे

शेवटच्या हातानंतर सात दिवस झाले की सीट जागेवर ठेवा, आकडे जुळवून. स्क्रूच्या आट्यांना कपड्यांचा साबण चोळा, ते न करकरता शिरतात. चारही स्क्रू आधी अर्धवट, मग एकेक पूर्ण आवळा. पायांतले खिळे उपटून फेल्टच्या टिकल्या लावा. रंग कोरडा असला तरी पहिले पंधरा दिवस खुर्च्या एकमेकींवर रचू नका आणि पाठीवर ओला टॉवेल टाकू नका. ताज्या इनॅमलला टेकलेला पृष्ठभाग चिकटतो आणि ओढताना टवक्यासकट निघतो. महिन्याने प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघा. नवा फोम दबून बसला की ते थोडे सैल झालेले असतात.